अर्ज शेवटी करा: नाशिकहून चाकणला नोकरी शोधण्याची पद्धत

रविवारी रात्री जेवणं झाली की फोन घ्यायचा, नोकरी डॉट कॉम उघडायचं आणि 'अप्लाय'वर चाळीस वेळा बोट दाबायचं, याला बरेच जण नोकरी शोधणं म्हणतात. त्याने त्या रात्री झोप चांगली लागते, एवढंच. तोटा नंतर कळतो. तीन आठवड्यांनी लक्षात येतं की त्या चाळिसांपैकी एका कंपनीत आपल्या कॉलेजचा सीनियर आहे. तो आनंदाने रेफर करायला, म्हणजे कंपनीला तुमचं नाव सुचवायला बसतो, सिस्टीममध्ये तुमचा ई-मेल टाकतो आणि उत्तर येतं: हा उमेदवार आधीच नोंदलेला आहे.

बऱ्याच मोठ्या कंपन्यांत उमेदवार ज्या वाटेने पहिल्यांदा आला, त्या वाटेच्याच नावावर तो काही महिने राहतो. वाट पोर्टलची असेल तर सीनियरचं रेफरल धरलं जात नाही, त्याला रेफरलचे पैसे मिळत नाहीत आणि तुमचा रेझ्युमे शेकडोंच्या ढिगात पडून राहतो. कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या दोन कन्सल्टंटनी एकाच कंपनीला तुमचा रेझ्युमे पाठवला तर आणखी वाईट: हा उमेदवार कोणाचा, या वादात पडण्यापेक्षा एचआर तो बाजूलाच ठेवतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी कंपन्यांची यादी, मग रेझ्युमे आणि प्रोफाइल, मग माणसं आणि अर्ज सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं एका ठरावीक माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. डिप्लोमा मेकॅनिकल, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मशीनिंगचे ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या कारखान्यात तीन वर्षं क्वालिटीत, हातात येतात बावीस हजार आणि आता चाकणच्या पट्ट्यात यायचं आहे. तुमचं खातं वेगळं असेल, अकाउंट्स किंवा स्टोअर्स, तर शब्द बदलतील, क्रम बदलणार नाही.

यादी: चाळीस कंपन्या, दोन पदं

'क्वालिटीत कुठेही' असं म्हणून शोधलं तर काहीच सापडत नाही. क्वालिटीतही इनकमिंग (बाहेरून येणारा माल) वेगळं, इनप्रोसेस (चालू उत्पादन) वेगळं, फायनल आणि पीडीआय (माल रवाना करण्याआधीची तपासणी) वेगळं, पुरवठादारांची क्वालिटी बघत त्यांच्याकडे फिरणारं एसक्यूए तर पूर्णच वेगळं. यातली दोन पदं निवडा: एक आत्ता करता ते आणि एक त्याच्या पुढचं. मशीनिंगमध्ये तीन वर्षं काढलेल्या माणसाला प्लास्टिक मोल्डिंगवाला सहसा बोलावत नाही, कारण तिथले दोष वेगळे, गेज म्हणजे मापं तपासायची साधनं वेगळी. तेव्हा प्रोसेसही ठरवून टाका.

यादी म्हटलं की सगळे फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्रा, बजाज ही नावं लिहितात. लिहा, पण चाळिसातली पाचच. बाकीची पस्तीस नावं या कंपन्यांना थेट माल देणाऱ्या टिअर-वन आणि त्या टिअर-वनना माल देणाऱ्या टिअर-टू कारखान्यांची हवीत. तिथे जागा जास्त निघतात आणि अंबडचा अनुभव तिथे थेट उपयोगी पडतो. मोठ्या गाडीवाल्यांचं दार टिअर-वनमध्ये दोन-तीन वर्षं काढली की जास्त सहज उघडतं.

नावं मिळवायला गूगल मॅप्ससारखं साधन नाही. चाकण एमआयडीसी म्हणजे एक गेट आणि एक कुंपण नव्हे. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, खालुंब्रे, सावरदरी, भांबोली, वराळे अशा गावांत ती पसरली आहे. मॅपवर निघोजे उघडा, 'मशीनिंग' किंवा 'ऑटो कंपोनंट' टाका आणि दिसणारं प्रत्येक नाव शीटमध्ये उतरवा. मग कंपनीच्या साइटवर जाऊन ती काय बनवते आणि कोणाला देते हे दोन ओळींत लिहा. चाळीस कंपन्यांना दोन-तीन संध्याकाळी लागतात. हाच कंटाळवाणा भाग लोक टाळतात आणि मग कोणाशीही बोलताना "कुठेही बघा ना सर" एवढंच तोंडातून निघतं.

गूगल शीटमध्ये हे रकाने ठेवा: कंपनी, गाव, काय बनवते, ओळखीचं माणूस, त्याच्याशी शेवटचं बोलणं कधी, पुढचं पाऊल आणि त्याची तारीख, अर्ज कुठून केला, रेझ्युमेची कोणती प्रत दिली आणि पगार किती सांगितला. शेवटचा रकाना फालतू वाटतो. पण एकाच कंपनीच्या एचआरला फोनवर चार लाख वीस आणि महिन्याभराने समोर बसून पाच लाख सांगितले, तर तो आकडा त्याच्याकडे लिहिलेला असतो.

रेझ्युमे: आधी नोटपॅडची चाचणी

कॅन्व्हावरचे दोन रकान्यांचे, बाजूला रंगीत पट्टी आणि कौशल्यांपुढे पाचपैकी चार ठिपके असलेले रेझ्युमे दिसायला छान असतात. कंपनीचं सॉफ्टवेअर मात्र त्यातला मजकूर उपसून स्वतःच्या चौकटीत भरतं आणि दोन रकाने असले की डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत घुसण्याचा धोका असतो. चाचणी सोपी आहे. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे क्रम नीट राहिला, फोन नंबर दिसला, कंपन्यांची नावं तारखांसह सलग आली, तर तो रेझ्युमे चालेल. काहीच पेस्ट झालं नाही तर तुमची पीडीएफ म्हणजे नुसता फोटो आहे. नाव आणि नंबर वर्डच्या 'हेडर'मध्ये टाकू नका. काही सॉफ्टवेअर तो भाग वाचतच नाहीत.

तीन वर्षांच्या अनुभवाला एक पान पुरतं, दोनच्या वर जाऊच नका. वडिलांचं नाव, धर्म, आधार क्रमांक, पॅन, 'वरील माहिती खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र हे सगळं काढा. अर्धं पान मोकळं होतं. त्या जागेत तुमच्या कामाचे शब्द यायला हवेत: पीपीएपी (नव्या पार्टला कस्टमरची मंजुरी घेण्याची प्रक्रिया), एपीक्यूपी, एमएसए, एसपीसी, जीडी अँड टी, सीएमएम (पार्टची मापं घेणारं मशीन), एट-डी, आयएटीएफ १६९४९. रेझ्युमेत ते इंग्रजी अक्षरांतच लिहायचे, कारण एचआर डेटाबेसमध्ये नेमके हेच शब्द टाकून शोधतो. पण जे केलं तेवढंच लिहा. सीएमएमचा रिपोर्ट वाचता येणं आणि सीएमएम चालवता येणं या दोन गोष्टी आहेत, आणि मुलाखतीत हा फरक दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

आता आकडे. 'रिजेक्शन कमी केलं' हे वाक्य प्रत्येकाच्या रेझ्युमेत असतं. त्याऐवजी असं लिहा: 'अमुक शाफ्टचं लाइन रिजेक्शन १,८०० पीपीएमवरून ६५० वर, सहा महिन्यांत, फिक्स्चरचा क्लॅम्प बदलून.' पीपीएम म्हणजे दहा लाख नगांमागे किती बाद. मुलाखत घेणारा लगेच विचारेल, "किती नगांवर?" महिन्याला ३०,००० नग बनत होते आणि ५४ बाद होत होते, तर ५४ भागिले ३०,००० गुणिले दहा लाख, म्हणजे १,८००. हा हिशेब तोंडावर हवा. जी ओळ आपल्याला कागदावर मांडून दाखवता येत नाही, ती रेझ्युमेत ठेवू नये. आणि कस्टमरचं नाव, ड्रॉइंग नंबर, किंमत यांपैकी काहीही लिहू नका. आजच्या मालकाची गुपितं वाटणारा उद्या आपलीही वाटेल, हे समोरच्याला कळतं.

प्रोफाइल: पोर्टलवर तुम्ही शोधत नसता, तुम्हाला शोधलं जातं

नोकरी डॉट कॉमचा खरा उपयोग जाहिराती बघण्यात कमी आणि एचआरला सापडण्यात जास्त आहे. एचआरच्या बाजूला एक शोधखिडकी असते. तो तिथे कौशल्याचे शब्द, अनुभव, सध्याचा पगार, नोटीस पीरियड आणि ठिकाण टाकतो. त्यातच 'गेल्या काही दिवसांत सक्रिय असलेले' अशी चाळणीही लावता येते. चार महिने खातं न उघडलेला उत्तम उमेदवार त्या चाळणीतून खाली गळतो. म्हणून आठवड्यातून दोनदा लॉगिन करा आणि एखादी ओळ खरोखर सुधारा. ठिकाणात नाशिकसोबत पुणे निवडलं आहे का ते बघा. कित्येकांचं ते राहून जातं आणि मग "पुण्याहून फोनच येत नाहीत" ही तक्रार सुरू होते. नोटीस पीरियड दोन महिन्यांचा असताना 'लगेच येऊ शकतो' लिहिलं तर फोन भरपूर येतील, पण पहिल्या मिनिटात संपतील.

सध्याच्या कंपनीला कळायला नको असेल तर नोकरी डॉट कॉमच्या सेटिंगमध्ये कंपनी ब्लॉक करता येते. ग्रुपमधल्या बाकीच्या कंपन्यांची नावंही त्यात टाका. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क' दोन प्रकारे लावता येतं. एकात फोटोभोवती हिरवी पट्टी येते आणि ती साहेबांसकट सगळ्यांना दिसते. दुसरा प्रकार फक्त रिक्रूटर्सना दिसतो. त्यात तुमच्याच कंपनीचे रिक्रूटर वगळण्याचा प्रयत्न लिंक्डइन करतं, मात्र त्याची हमी देत नाही.

लिंक्डइनच्या शीर्षकाला २२० अक्षरांची जागा असते. तिथे 'सीकिंग अपॉर्च्युनिटीज' लिहून ती वाया घालवू नका. पद, प्रोसेस, दोन-तीन कौशल्यं आणि ठिकाण एवढं बसवा. फोटो साधा, चेहरा दिसणारा. लग्नातला कापलेला फोटो नको, कोणाचा तरी खांदा त्यात येतोच.

माणसं: ओळख वेगळी, वशिला वेगळा

आपल्याकडे 'नेटवर्किंग' म्हटलं की अनेकांना वशिला आठवतो आणि स्वाभिमानी माणूस तिथेच थांबतो. वशिला म्हणजे पात्रता नसताना आत घुसवणं. ओळख म्हणजे तुमचा रेझ्युमे ढिगातून उचलून "हा एकदा बघा" एवढं कोणीतरी म्हणणं. पुढची मुलाखत तुमची तुम्हालाच द्यायची असते.

आणि हे 'कोणीतरी' बहुतेक वेळा जिवलग मित्र नसतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७० च्या सुमारास बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं, की ज्याने खबर दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा. वारंवार भेटणारे निघाले १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. कारण उघड आहे: जिवलग मित्राला जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतंच. २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटींवर वापरकर्त्यांवरचा अभ्यास आला, त्यातही जवळपास हेच दिसलं. थोडी भर इतकीच, की अगदीच अनोळखी माणसापेक्षा जिथे काही सामाईक ओळखी आहेत असा 'मधल्या अंतरावरचा' माणूस सर्वांत उपयोगी ठरतो.

क्वालिटीतल्या माणसाकडे अशी मधल्या अंतरावरची माणसं भरपूर असतात, फक्त तो त्यांना मोजत नाही. फोनची कॉन्टॅक्ट लिस्ट वरपासून खालपर्यंत एकदा वाचा. गेज कॅलिब्रेशनला नेणारा लॅबवाला महिन्याला वीस कारखान्यांत जातो आणि कुठला क्वालिटी मॅनेजर सोडून गेला हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. टूल्स आणि इन्सर्ट विकणारा सेल्समन, कस्टमरच्या प्लांटमध्ये तुमचा माल निवडून देणारी सॉर्टिंगची पोरं, प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंटच्या व्हेंडरकडचा क्वालिटीवाला, तुमच्याकडून सोडून गेलेला जुना शिफ्ट इनचार्ज, पॉलिटेक्निकचे दोन वर्षं पुढचे-मागचे, डिपार्टमेंटचे सर. अशी तीस नावं निघायला हवीत. वीसवर थांबलात तर यादी पुन्हा वाचा.

कस्टमरकडून ऑडिटला येणाऱ्या एसक्यूए साहेबांबाबत मात्र जपून. पुरवठादाराची माणसं घ्यायची नाहीत असं बऱ्याच कंपन्यांचं धोरण असतं आणि तुम्ही विचारल्याचं तुमच्याच मॅनेजरच्या कानावर जायला वेळ लागत नाही. त्यांना विचारायचंच असेल तर तिसऱ्या कंपनीबद्दल विचारा, तेही कामाच्या ई-मेलवरून नाही.

यादीतल्या कंपन्यांत आपलं कोण आहे हे शोधायला लिंक्डइन वापरा. कंपनीचं पान उघडा, 'पीपल'वर जा, तिथे कॉलेजचं नाव आणि ठिकाणाची चाळणी लावा. किंवा उलटं करा: कॉलेजचं पान उघडून माजी विद्यार्थ्यांत 'क्वालिटी' आणि पुणे टाका. फुकटच्या खात्यावरून महिन्याला मोजक्याच निमंत्रणांसोबत चिठ्ठी जोडता येते, त्यामुळे त्या चिठ्ठ्या खऱ्या कामाच्या माणसांसाठी राखून ठेवा.

पहिला निरोप

पहिल्या निरोपात नोकरी मागायची नाही. मागितली तर समोरच्याकडे 'हो' किंवा 'नाही' एवढेच दोन पर्याय उरतात आणि हातात जागा नसली की तो गप्प बसतो. माहिती विचारली तर त्याला उत्तर देता येतं. कॉलेजच्या सीनियरला व्हॉट्सअॅपवर असा निरोप चालतो:

'नमस्कार दादा, मी आपल्या पॉलिटेक्निकचा २०२२ चा मेकॅनिकल. सध्या अंबडला मशीनिंगच्या कंपनीत इनप्रोसेस क्वालिटी बघतो. पुण्याकडे यायचा विचार आहे. तुमच्याकडे इनप्रोसेसवाल्याला सीएमएम स्वतः चालवावं लागतं की वेगळा ऑपरेटर असतो, हे विचारायचं होतं. दहा मिनिटं फोन केला तर चालेल का? गुरुवारी सुट्टी असेल तर गुरुवारी करतो.'

यात ओळखीचा धागा पहिल्याच वाक्यात आहे, प्रश्न एकच आहे आणि त्याचं उत्तर ते काम करणाऱ्यालाच माहीत असतं. गुरुवारचा उल्लेखही मुद्दाम आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण भागात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि तुम्हाला ते माहीत आहे, हे कळल्यावर समोरचा जरा मोकळा होतो. (त्याच कारणाने गुरुवारी रेझ्युमे घेऊन चाकणला जाऊ नका, गेटवर फक्त वॉचमन भेटेल.) महिन्याची पंचवीस तारीख उलटली की डिस्पॅचचा गोंधळ असतो. क्वालिटीतला माणूस तेव्हा फोन उचलत नाही आणि उचललाच तर चिडलेला असतो. पाच ते वीस तारखांच्या मधे बोला.

'दादा' आणि 'ताई' कॉलेजच्या, गावच्या माणसांना. पन्नाशीच्या क्वालिटी मॅनेजरला 'सर', बाईंना 'मॅडम'. लिंक्डइनवर आडनाव बघून मराठीत सुरू करायचा मोह होतो, पण चाकणमध्ये एचआरला बाहेरच्या राज्यांतली माणसंही बरीच आहेत. ओळख नसेल तर तिथे पहिला निरोप इंग्रजीत, चार ओळींचा. व्हॉइस नोट कधीच नको. शॉप फ्लोअरवर ती कोणी ऐकत नाही.

आठवड्याला पाच निरोप पुरे. पाचापैकी दोघांचं उत्तर आलं तरी चांगलं समजा. उत्तर नाही आलं तर सात दिवसांनी एक आठवण, त्यानंतर तीन आठवड्यांनी एक, मग त्या नावापुढे रेघ. बोलणं झालं तर त्याच दिवशी दोन ओळींत आभार आणि शेवटी एक प्रश्न: "या कामातलं आणखी कोणाशी बोलू?" तीस नावांची साठ या प्रश्नानेच होतात.

रेफरल मागताना

यादीतल्या कंपनीत जागा निघाली की त्या सीनियरचं काम जितकं सोपं कराल तितकं ते लवकर होतं. "दादा माझं बघा ना" म्हटलं की त्याला जागा शोधावी लागते, रेझ्युमे मागावा लागतो, तुमच्याबद्दल काय लिहायचं ते आठवावं लागतं. एवढं तो करत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. त्याला एकाच निरोपात सगळं द्या:

'दादा, तुमच्या साइटवर क्वालिटी इंजिनिअरची जागा आहे, जॉब आयडी हा. रेझ्युमे जोडला आहे. थोडक्यात: मशीनिंग क्वालिटी तीन वर्षं, दोन पार्ट्सचं पीपीएपी स्वतः केलं, नोटीस साठ दिवस. मी अजून कुठूनही अर्ज केलेला नाही. तुम्हाला योग्य वाटलं तर सिस्टीममध्ये टाका, अडचण असेल तर सांगा, मी साइटवरून भरतो.'

'अजून कुठूनही अर्ज केलेला नाही' हे वाक्य खरं असायला हवं, त्यासाठीच तर शीट. चार दिवस थांबा. उत्तर नाही आलं तर स्वतः अर्ज करा, कारण जागा कोणासाठी थांबत नाही. ज्या कंपन्यांत कोणीच सापडलं नाही तिथे तर पहिल्या दिवशीच अर्ज करायचा. लिंक्डइनवर 'गेल्या चोवीस तासांत' ही चाळणी लावून जॉब अलर्ट ठेवा. शिवाय 'पोस्ट्स'मध्ये पद आणि 'चाकण' टाकून नवीन आधी असा क्रम लावा. लहान कारखान्यांचे मॅनेजर जाहिरात देतच नाहीत, नुसती पोस्ट टाकतात आणि खाली व्हॉट्सअॅप नंबर देतात. पोर्टलवर महिन्याभरापूर्वीची जाहिरात दिसली तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ती अजून आहे का ते आधी बघा.

सरकारी पोर्टलं फुकट आहेत: केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस, राज्याचं महास्वयम. तीन वर्षांच्या अनुभवाला तिथे फारसं हाती लागत नाही, पण नुकता पास झालेला असाल तर नोंदणी कराच. रोजगार मेळाव्यांच्या खबरा तिथे येतात. पदवी-डिप्लोमावाल्यांना एनएटीएस आणि आयटीआयवाल्यांना एनएपीएस या अप्रेंटिसशिपच्या नोंदण्याही हव्यातच. अप्रेंटिसचं एक वर्ष रेझ्युमेत त्या कंपनीच्या नावासकट दिसतं.

कन्सल्टंट आणि फसवणूक

खरा कन्सल्टंट पैसे कंपनीकडून घेतो, सहसा तुमच्या एका महिन्याच्या पगाराइतके, म्हणजे वार्षिक पॅकेजच्या ८.३३ टक्के. तुमच्याकडे रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, मेडिकल, गेटपास अशा कुठल्याही नावाने पैसे मागितले की तिथेच थांबा. मुलाखतीशिवाय आलेलं ऑफर लेटर, मोठ्या कंपनीचं नाव पण जीमेलचा पत्ता, टेलिग्रामवर 'टास्क' पूर्ण करायला सांगणं, ही सगळी फसवणुकीची लक्षणं. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे गोठवण्याची शक्यता जास्त असते.

कन्सल्टंटला रेझ्युमे देताना एक अट घाला: कंपनीचं नाव सांगून आणि माझा होकार घेऊनच पुढे पाठवायचा. आणि प्रत्येकाला विचारा, "जागा कोणाच्या रोलवर आहे?" गेटवर नाव मोठ्या कंपनीचं आणि पगारपत्रकावर ठेकेदाराचं, असं चाकणमध्ये सर्रास असतं. ठेकेदाराच्या रोलवर जाणं नेहमीच वाईट नाही, पण ते रुजू व्हायच्या दिवशी कळू नये.

ऑफर हातात आल्यावर

'चार लाख वीस' ऐकलं की महिन्याला पस्तीस हजार असा हिशेब मनात होतो. कागदावर मांडून बघा. धरा की बेसिक निम्मं, १७,५००. पस्तीस हजारांतून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे २,१०० वजा, ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणजे ८४२ वजा, वर्षअखेरीस मिळणारं व्हेरिएबल २४,००० असेल तर महिन्याचे २,००० वजा. उरले ३०,०५८. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ २,१०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात २७,७५८, त्यातूनही कँटीन आणि बस कापतात. आज घरी राहून बावीस हजार मिळत असतील तर चाकणची खोली आणि मेस भागवून काय उरतं ते तुम्हीच बघा. म्हणून पगार बोलताना पॅकेज विचारण्याऐवजी "महिन्याला हातात किती आणि व्हेरिएबल कशावर ठरतं" असं विचारा आणि पगाराची फोड ऑफरसोबत लेखी मागा.

लेखी ऑफर येईपर्यंत राजीनामा नाही. "तू टाक रे, लेटर येतंय" हे फोनवरचं वाक्य ऑफर धरायचं नाही. नोटीस पूर्ण करा, रिलीव्हिंग लेटर घ्या, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आधीच स्वतःच्या ई-मेलवर उतरवून ठेवा. नवी कंपनी पडताळणी करताना तुमच्या यूएएनवरची, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावरची, सर्व्हिस हिस्टरी बघते. रेझ्युमेत लिहिलेल्या तारखा आणि तिथल्या तारखा जुळायला हव्यात. मधे तीन महिन्यांची एखादी नोकरी केली आणि ती रेझ्युमेतून वगळली, तरी तिथे ती दिसतेच. आधीच सांगून टाकलेली बरी.

रुजू झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या पोर्टलवर जाऊन जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली आहे का ते बघा. ती नसली की पीएफ ट्रान्सफर अडकतो. जुन्या एचआरला दहा फोन करत बसू नका: नोकरी सोडून दोन महिने झाले की 'मॅनेज'मधल्या 'मार्क एक्झिट'मधून ती तारीख आधारच्या ओटीपीवर स्वतःलाच भरता येते.